नऊ महिने ‘बफी’ची फॅनफिक वाचल्यावर: कुठून सुरू करावं, काय जपून वाचावं

मालिकेतला एक प्रसंग आधी सांगते, कारण माझं सगळं वाचन तिथून सुरू झालं. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या पर्वातल्या चौथ्या भागात व्हॅम्पायर आणि राक्षस मारणारी बफी बँकेत कर्ज मागायला जाते. आई जाऊन काही महिने झालेत. विम्याचे पैसे हॉस्पिटलच्या बिलांत गेले. तळघरात पाइप फुटून पाणी भरलंय आणि सगळे पाइप बदलावे लागणार आहेत. धाकटी बहीण शाळेत आहे, घरात कमावतं कुणी नाही. घर तारण ठेवायची तिची तयारी आहे, पण सनीडेलमध्ये घरांना किंमतच येत नाही, असं समोरचा अधिकारी सांगतो. ज्या गावाखाली नरकाचं दार आहे तिथे किंमत कशी येणार! मग एक राक्षस बँकेत घुसतो, मारामारी होते, आणि कर्ज काही मिळत नाही.

मी सांगलीत एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात चौदा वर्षं काम करते आहे. त्या खुर्चीत बसलेली मुलगी माझ्या ओळखीची आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घराचा उतारा, लाइट बिल, आईचा मृत्यूचा दाखला. “मॅडम, बघा ना काही होतंय का.” उत्पन्नाचा पुरावा नाही म्हटलं की ती कागद पुन्हा एकेक करून पिशवीत भरते, आणि ते भरताना पाहण्याची सवय मला अजून झालेली नाही. मालिका त्या प्रसंगातून पुढे गेली. मी गेले नाही. माझी भाची पुण्यात शिकते, तिनेच मला ही मालिका बघायला लावली होती. रात्री तिला फोन केला तर म्हणाली, “मावशी, मग फिक वाच ना. त्या घराच्या खर्चावर लोकांनी किती लिहिलंय तुला माहीत नाही.”

त्याला आता नऊ महिने झाले. सांगली ते मिरज बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, रविवारी दुपारी मिळून शंभराच्या वर कथा पुऱ्या वाचल्या, अर्ध्यावर सोडलेल्या त्याहून जास्त. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फॅनफिक म्हणजे चाहत्यांनी मालिकेतली पात्रं घेऊन लिहिलेली कथा, विनामोबदला. ‘बफी’ १९९७ ते २००३ चालली, सात पर्वं, १४४ भाग. त्यातून निघालेली ‘अँजल’ १९९९ ते २००४. म्हणजे मालिका संपून वीस वर्षं उलटली, तरी तिच्यावर रोज नव्या कथा येत आहेत. त्यातल्या बऱ्याचशा ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’वर मिळतात. वाचणारे त्याला एओ थ्री म्हणतात. २००९ मध्ये ते सगळ्यांसाठी उघडलं, एक ना-नफा संस्था देणग्यांवर चालवते, जाहिरात एकही नाही. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. वाचायला खातं लागत नाही. काही लेखक आपली कथा फक्त सदस्यांना दिसेल अशी ठेवतात, तेवढ्यासाठी खातं काढायचं, आणि त्याला निमंत्रणाच्या रांगेत नाव घालावं लागतं.

पहिल्या महिन्यात मी चूक केली. कुडोसच्या क्रमाने यादी लावली आणि वरून वाचत सुटले. कुडोस म्हणजे कथा आवडल्याची खूण, एका वाचकाने एकदाच द्यायची. सगळ्यात जास्त कुडोसवाल्या कथा वाईट नव्हत्या, पण त्यांतल्या बऱ्याच बफी आणि स्पाइक नावाच्या व्हॅम्पायरच्या प्रेमाच्या लांबलचक कथा होत्या, किंवा दुसऱ्याच एखाद्या मालिकेतली पात्रं सनीडेलला आणणाऱ्या. मला हवं होतं ते त्यांत नव्हतं. तीन आठवड्यांनी मी थकले आणि भाचीला म्हटलं, हे काही माझ्यासाठी नाही. ती म्हणाली, “तू आकडे बघून वाचतेयस. तू कुठे अडलीस ते बघून वाच.”

माझी शिफारस तीच आहे. मालिका बघताना तुम्ही जिथे अडलात, जिथे मनात आलं की अरे, हे असंच सोडून दिलं, तो भाग धरा. त्या भागाचं नाव आणि पात्राचं नाव घालून शोधा. प्रत्येक कथेला टॅग असतात, आणि ते टॅग एकमेकांशी जोडून नीट लावायचं काम स्वयंसेवक माणसं करतात. त्यामुळे एकाने ‘सहावं पर्व’ एका तऱ्हेने लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने, तरी बहुतेक वेळा दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात. तुम्ही काय वाचलंत ते पाहून तुमच्यापुढे आपोआप काही ढकललं जात नाही. सुरुवातीला मला ती उणीव वाटली होती. आता बरं वाटतं, कारण काय वाचायचं ते माझं मी ठरवते.

त्या कर्जाच्या प्रसंगापासून शोधत गेले तेव्हा मला हव्या त्या कथा सापडल्या. बफीच्या घराच्या हिशेबाच्या कथा! बिलं टेबलावर पसरून बसलेली बफी, महिन्याचा ताळमेळ लावायला मदत करणारी ॲन्या, जी हजार वर्षं सूडदेवता होती आणि जिला पैसा मनापासून कळतो. आपल्या वाटणीचं भाडं का दिलं नाही याची बफीच्या मैत्रिणीला, विलोला, लागलेली लाज. मालिकेत विलो आणि तिची प्रेयसी टारा बफीच्याच घरात राहत होत्या, पण भाड्याची गोष्ट कुणी काढली नाही. आणि वॉचर्स कौन्सिल, म्हणजे बफीवर देखरेख ठेवणारी संस्था! पाचव्या पर्वात बफीच त्यांना भाग पाडते आणि तिचा मार्गदर्शक जाइल्स याला मागच्या थकबाकीसह पगार मिळतो. बफीला मात्र दमडीही नाही, आणि रोज रात्री मरायला जाणारी तीच. सहाव्या पर्वात जाइल्स तिला एक चेक देतो, पुढे इंग्लंडला निघून जातो, आणि ती बर्गरच्या दुकानात कामाला लागते. चाहत्यांनी या एका अन्यायावर कितीतरी लिहिलं आहे. एका कथेत बफी कौन्सिलकडे थकबाकीचं बिल पाठवते, त्यात मारलेल्या प्रत्येक राक्षसाची नोंद तारखेसकट. दुसऱ्या एकीत पैसे येतच नाहीत, आणि जाइल्सला त्या चेकचा आकडा आठवून झोप लागत नाही. ही दुसरी मी चार वेळा वाचली. अशा कथा छोट्या असतात, दोन-तीन हजार शब्दांच्या, कुडोसही थोडे. यादीत खूप खाली असतात, म्हणून मुद्दाम शोधाव्या लागतात.

हे वाचताना मला माझ्या आजीच्या ओव्या आठवत राहिल्या. जात्यावर बसलेल्या बायका रामाच्या राज्याभिषेकापाशी फार थांबत नव्हत्या. त्या वनात टाकलेल्या सीतेपाशी थांबत. तिचं बाळंतपण कुणी केलं, तिने पाळणा कशाचा केला, तिच्याजवळ कोण होतं. कथा ठरलेली होती, पण दळणारीला जिथे दुखत होतं तिथे ती लांबवत होती. मोरोपंतांनी तर १०८ रामायणं रचली असं सांगतात. दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिणं म्हणजे उसनवारी, असं कुणी मला म्हणालं की मी या दोन गोष्टी पुढे ठेवते.

दुसरी वाट टाराची. सहाव्या पर्वात ती खिडकीतून आलेल्या एका गोळीने मरते, ज्या दिवशी तिचं आणि विलोचं नुकतंच पुन्हा जुळलेलं असतं. २००२ सालच्या त्या भागाचं दुःख चाहत्यांनी आजतागायत सोडलेलं नाही. गोळी चुकते अशा कथा आहेत, टारा जखमी होऊन वाचते अशा आहेत, सातव्या पर्वात ती परत येते अशाही. चुकलेलं दुरुस्त करणाऱ्या अशा कथांना फिक्स-इट म्हणतात. मला त्यांतल्या सगळ्या पटल्या नाहीत. बऱ्याच कथांत टारा वाचते खरी, पण वाचल्यावर तिला काही कामच उरत नाही, ती चहा करते आणि विलोला समजून घेते. ज्या चांगल्या आहेत त्यांत टारा विलोला एक सरळ प्रश्न विचारते: तू माझ्या आठवणी पुसल्या होत्यास, त्याचं काय? मालिकेने हे पुरतं मिटवलंच नव्हतं. टारासाठी वाचणार असाल तर हा प्रश्न ज्या कथेत आहे ती घ्या.

डॉनवरच्या कथा मी सगळ्यात कमी अपेक्षेने उघडल्या आणि त्यांनीच मला सगळ्यात जास्त दिलं. पाचव्या पर्वात ही बहीण अचानक घरात दिसते, जणू पहिल्यापासून होती. साधूंनी तिला घडवलेलं असतं आणि सगळ्यांच्या डोक्यात तिच्या खोट्या आठवणी घातलेल्या असतात. काही लेखकांनी त्या आठवणीच लिहून काढल्या आहेत. पहिल्या पर्वातल्या प्रसंगांत दहा-अकरा वर्षांची डॉन, पायऱ्यांवर बसून मोठ्या बहिणीची वाट पाहणारी. वाचताना आपल्याला ठाऊक असतं की हे घडलेलंच नाही. तरी ती त्या घरातली वाटते, आणि बफी तिच्यासाठी मनोऱ्यावरून उडी का मारते ते पुन्हा नव्याने कळतं.

आता बफी आणि स्पाइक. या जोडीवरच्या कथांचा साठा इतका मोठा आहे की त्यांना वाहिलेली वेगळी संकेतस्थळंही आहेत. त्यांतल्या ‘स्लो बर्न’ कथा, म्हणजे प्रेम हळूहळू पेटत नेणाऱ्या, फार सुंदर असू शकतात. पण इथे मी गंभीरपणे सांगते. सहाव्या पर्वाच्या शेवटाकडे स्पाइक बफीवर बळजबरी करू पाहतो, आणि त्यानंतर तो आत्मा मिळवायला जातो, कारण या मालिकेत व्हॅम्पायरला आत्मा नसतो. कोणती कथा या प्रसंगाकडे कसं बघते ते वाचायच्या आधी माहीत असावं. त्यासाठी प्रत्येक कथेच्या माथ्यावर इशारे आणि वयोगटाची खूण असते. हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बळजबरी, अल्पवयीन पात्रांचे लैंगिक प्रसंग, याचे इशारे वेगळे दिलेले असतात. ‘लेखकाने इशारे न देणं पसंत केलं आहे’ अशीही एक खूण आहे. तिचा अर्थ आत काही नाही असा होत नाही, आत काहीही असू शकतं असा होतो. मला हे कळायला एक वाईट रात्र जावी लागली. नको असलेले टॅग गाळणीतून आधीच वगळता येतात, ते करा. आणि घरातल्या मुलांच्या हातात हे देण्याआधी खुणा स्वतः वाचा. मी भाचीशी मोकळेपणाने बोलू शकते कारण ती बावीस वर्षांची आहे.

अपूर्ण कथांबद्दल. ‘फक्त पूर्ण झालेल्या’ अशी गाळणी आहे, सुरुवातीला ती लावूनच वाचा. मी एक खूप लांब कथा तीन आठवडे वाचली, जाइल्स इंग्लंडला न जाता थांबतो अशी. तिसाव्या प्रकरणात तो स्वयंपाकघरात उभा आहे, डॉन शाळेतून आलेली नाही, बाहेर अंधार पडलाय, आणि तिथेच संपते. पुढे काही नाही, कित्येक वर्षांत नाही. त्या लेखिकेवर माझा राग नाही, तिने फुकट लिहिलं आणि तिचं आयुष्य असेल. पण आठवडाभर मला दुसरं काही वाचवेना. आणखी एक आवडती कथा एके सकाळी नाहीशीच झाली, लेखकाने काढून घेतली. तेव्हापासून आवडलेली कथा मी लगेच ईपब करून उतरवून ठेवते. बसमध्ये रेंज जाते, त्यासाठीही ते बरं पडतं.

भाषेची अडचण येते, ते लपवत नाही. अमेरिकन मुलांची थट्टेची इंग्रजी आणि स्पाइकची लंडनची बोली, दोन्ही सुरुवातीला जड गेली. मी छोट्यांपासून सुरुवात केली. ड्रॅबल म्हणजे बरोबर शंभर शब्दांची कथा. बसच्या एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंत दोन होतात. दोनेक महिन्यांनी कान तयार झाला.

आणि अभिप्राय लिहा. सहा महिने मी नुसती वाचत होते, माझ्या इंग्रजीची लाज वाटायची. मग त्या चेकच्या कथेखाली लिहिलं की मी भारतात एका बँकेत कर्ज विभागात आहे आणि तुमची बफी माझ्या टेबलासमोर येऊन बसते. कथा खूप जुनी होती, उत्तराची आशा नव्हती. चार दिवसांनी आलं. लेखिकेने लिहिलं होतं की त्या वर्षी ती स्वतः कर्जासाठी अशाच एका खुर्चीत बसली होती, आणि तिलाही नाही म्हणाले होते. मी ते उत्तर ब्रेक रूममध्ये वाचलं आणि खाली येऊन पुढचा टोकन नंबर पुकारला.

सध्या मी ‘अँजल’च्या शेवटाला अडले आहे. पावसात एक गल्ली, व्हॅम्पायर अँजल आणि स्पाइक, प्राचीन राक्षसी देवता इलीरिया आणि मरणाच्या दारात असलेला त्यांचा माणूस साथीदार गन, समोर राक्षसांची फौज, वर ड्रॅगन, आणि मालिका संपते. त्या गल्लीत पुढे काय झालं यावर एक अख्खा कथाप्रकार आहे. आठ वाचून झाल्या. पाचांत गन वाचतो, दोनांत मरतो. एकीत त्याला पहाटेपर्यंत भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे आणि इलीरिया त्याच्याशी बोलत बसली आहे. भाचीला तीच पाठवली आहे. तिची परीक्षा शुक्रवारी संपते.