शेळ्यांना एकत्र माजावर आणणारा स्पंज : घ्यावा की नको?

गुजरातेत पादरा, डभोईकडे ज्यांच्या गोठ्यात पंधरा-वीस सुरती शेळ्या आहेत, त्यांनी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा, योनीत बसवायचा स्पंज जरूर वापरावा. दोन-तीनच शेळ्या असतील तर खर्च करू नये. माज दर 21 दिवसांनी फिरून येतो, तो ओळखायला शिकणे स्वस्त पडते.

माज ओसरला की अंडाशयावर पीतपिंड ही पिवळसर गाठ तयार होते. त्याचे प्रोजेस्टेरॉन पुढचा माज रोखून धरते. स्पंज हेच काम बाहेरून करतो. 12 दिवसांनी काढला की दाब उठतो आणि बहुतेक शेळ्या एक-दोन दिवसांत माजावर येतात. पीतपिंड विरघळवणारे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन स्वस्त, पण ते पीतपिंड असेल तरच लागू पडते. माज बंद असलेल्या शेळीवर वाया जाते. गाभण शेळीला चुकून दिले तर ती गाभडते, कारण शेळीचा गाभ शेवटपर्यंत पीतपिंडावरच टिकतो. स्पंजही गाभण तपासणीशिवाय बसवू नये.

स्पंज बसवायची नळी जंतुनाशक पाण्यात बुडवून, मलम लावून, आधी किंचित वर आणि मग सरळ सरकवावी. दोरा बाहेर बोटभरच ठेवा; लांब सोडला की शेजारची शेळी चघळून ओढून काढते. पाटीला (अजून न व्यालेल्या शेळीला) नळी नको, हातमोजा घालून बोटाने हलकेच बसवावा. काढताना दोरा खाली-मागे सावकाश ओढा, झटका देऊ नका. सोबत थोडा दुर्गंधीचा स्राव येतोच; पू, रक्त किंवा ताप दिसला तर डॉक्टरला बोलवा. काढतेवेळी पीएमएसजी या बीज सोडवणाऱ्या संप्रेरकाचे 200 ते 300 युनिट डॉक्टरच्या सल्ल्याने द्यावेत. मात्रा वाढवली तर तीन-चार अशक्त करडे होतात, आणि तेच औषध दर वेताला दिले तर शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन परिणाम घटतो.

बहुतेकांचे पैसे बुडतात ते बोकडापायी. एरवी 25 शेळ्यांना एक बोकड पुरतो; सगळ्या एकदम माजावर आल्या की 5 ते 7 शेळ्यांमागे एक हवा. माज दिसल्यावर 12 तासांनी आणि पुन्हा 24 तासांनी फळवावे. हाडे दिसणाऱ्या शेळ्यांना आधी दोन-तीन आठवडे दाणा द्या, स्पंज नंतर. 18 ते 22 दिवसांनी कोण उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते, ते पाहायला बोकड गोठ्यातच ठेवा. उरलेल्या शेळ्या फळवल्यापासून सुमारे 150 दिवसांनी एकदम वितील, तेव्हा करडांसाठी कोरडी जागा तयार हवी.