प्राझोसिनची अर्धी गोळी

मी 31 वर्षे पशुवैद्यक म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी केली, त्यामुळे माणसांच्या औषधावर अभिप्राय लिहिण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे, याची मला जाणीव आहे. तरीही गेल्या ऑक्टोबरमध्ये भातकापणीच्या दिवसांत पुतण्याच्या सहा वर्षांच्या मुलाला लाल विंचू चावला आणि त्या रात्री एक मिलिग्रॅमच्या साध्या प्राझोसिनच्या गोळीने काय केले, ते मी उशाशी बसून पाहिले. त्या गोळीविषयी लिहायचे आहे.

खळ्यावर रचलेल्या भाऱ्यांमागून चेंडू काढताना मुलाच्या बोटाला दंश झाला. अर्ध्या तासात त्याचा सदरा घामाने पिळून काढावा इतका भिजला, दोन उलट्या झाल्या आणि हातपाय बर्फासारखे गार पडले. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा नाडी वेगाने चालली होती आणि रक्तदाब त्याच्या वयाला न शोभण्याइतका चढला होता. डॉक्टरांनी त्याचे वजन केले, ते 17 किलो भरले. दर किलोला 30 मायक्रोग्रॅम या हिशेबाने त्यांनी एक गोळी कागदावर ठेवून मधल्या रेघेवर ब्लेडने दुभागली, अर्धी चमचाभर पाण्यात विरघळवून पाजली आणि सर्वांत आधी त्याच्या आजीला बजावले, "वहिनी, त्याला मांडीवर घेऊ नका, उठवून बसवू नका. पडूनच राहू दे."

या सूचनेचे कारण औषधाच्या स्वभावात आहे. प्राझोसिन मुळात रक्तदाबावरचे औषध असून पहिल्याच मात्रेनंतर रुग्ण एकदम उभा राहिला तर त्याचा दाब झपाट्याने उतरून त्याला भोवळ येऊ शकते. कळवळून मूल उचलणाऱ्या घरच्या माणसांना हे समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो या डॉक्टरांनी चोख केला.

विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते, त्यामुळे ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन या उत्तेजक संप्रेरकांचा शरीरात लोंढा येतो. पेशींवर या संप्रेरकांचा संदेश घेणाऱ्या जागांना ग्राही म्हणतात; त्यांतल्या अल्फा-1 ग्राहींवर हा मारा झाला की रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला बंद दारावर धडका द्याव्या लागतात आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते. प्राझोसिन नेमके अल्फा-1 अडवते. अल्फा-2 ग्राही मज्जातंतूच्या टोकाशी राहून नॉरॲड्रिनॅलिनच्या स्रावाला लगाम घालतात, आणि हा लगाम ते तसाच राहू देते. फेंटोलामाइनसारखी जुनी औषधे दोन्ही ग्राही अडवत, त्यामुळे लगाम सुटून हृदय आणखी धावे. नुसता बीटा-रोधक, म्हणजे हृदयावरचे बीटा ग्राही अडवणारे औषध, दिला तर आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतात आणि हृदयाचा जोर मात्र कमी होतो, म्हणून तो मार्गही धोक्याचा.

अल्फा-2 शी माझी ओळख गोठ्यातली आहे. पोटात प्लॅस्टिक अडकलेल्या गाईला शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही झायलाझिन देत असू, ते याच ग्राहींना चेतवून जनावर शांत करते. घोड्याला लागते त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात गाय खाली बसते, हे नव्या पशुवैद्यकाने कधीही विसरू नये. झायलाझिनही 1962 साली जर्मनीत रक्तदाबासाठीच तयार झाले होते, पण माणसाला फार गुंगी आणते म्हणून ते जनावरांकडे आले. अल्फा आणि बीटा ही विभागणीच मुळी रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये कुत्रा, मांजर, ससा अशा प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडली. मुक्या जनावरांचे हे ऋण मला त्या खाटेशी बसल्यावर फार जवळून जाणवले.

विंचूदंशावर प्राझोसिन वापरण्याचे श्रेय मात्र आपल्या कोकणाचे आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दंशाचे रुग्ण रात्र-रात्र बसून पाहत होते. आधी त्यांनी नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरले, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि त्यावर अखंड नजर ठेवावी लागते. मग पोटात देता येणारे प्राझोसिन आले, आणि त्यावरील त्यांचे टिपण 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जिथे वीज जाते, जिथे अतिदक्षता विभाग घाट ओलांडून गाठावा लागतो, तिथे गोळी हेच रूप उपयोगाचे असते, आणि म्हणूनच मी या औषधाला इतके मानतो.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ते विष उतरवत नाही आणि वेदना शमवत नाही. पोराच्या बोटाची कळ पहाटेपर्यंत टिकली, तिच्यासाठी वेगळे औषध द्यावे लागले. महाडमध्येच 70 रुग्णांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्राझोसिनसोबत प्रतिविष, म्हणजे विषाला निष्प्रभ करणारे औषध, मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर नुसत्या प्राझोसिनवरच्या 35 पैकी 8 जण. तेव्हा घोड्याच्या रक्तद्रवापासून बनणारे प्रतिविष हाताशी असेल तर ते जोडीला द्यावे, हे उघड आहे. नुसती स्थानिक आग असेल, घाम किंवा गार हातपाय नसतील, तर प्राझोसिनची गरज नसते, आणि ते घरच्या घरी देण्याचे औषध तर मुळीच नाही.

खरी तक्रार पुरवठ्याची आहे. रुग्णालयात सुट्या दोनच गोळ्या उरल्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी मला चिठ्ठी देऊन औषधाच्या दुकानात पाठवले. तिथे माझ्या हाती सावकाश विरघळणारी, दीर्घकाळ चालणारी गोळी आली आणि "औषध तेच आहे" असे ठामपणे सांगण्यात आले. ते तेच नसते. त्या गोळीचे तुकडे करता येत नाहीत आणि विंचूदंशात हवा तो वेगही तिच्यात नसतो. डॉक्टरांनी पाकीट बघताच परत केले. दर तीन तासांनी अर्धी, या बेताने उरलेल्या दोन गोळ्या पुरल्या म्हणून निभावले. पावसाळ्याआधी आणि भातकापणीआधी प्रत्येक आरोग्य केंद्राने व दुकानाने एक मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्यांची पाकिटे मोजून ठेवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसऱ्या मात्रेनंतर, रात्री दोनच्या सुमारास, डॉक्टरांनी यंत्राकडे न बघता आधी मुलाचे पाऊल हातात घेतले. अंगठा कोरडा आणि कोमट लागत होता, मनगटावरची शीर पुन्हा दिसू लागली होती. त्यांनी वहिनींना जवळ बोलावले आणि त्यांचा हात त्या पावलावर ठेवला.