आईच्या फ्लँजचे 7,850 रुपये

लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. लाज वाटते. पण आईच्या पोटाकडे बघितलं की लाज कुठल्या कुठे जाते.

आईला इलिओस्टोमी आहे, म्हणजे ऑपरेशन करून लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढलंय; त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, मळ तिथूनच पिशवीत येतो. ज्यांच्या घरी आहे त्यांना वेगळं सांगायला नको: पातळ मळ, त्यात पाचक रस, कातडीला लागला की भाजल्यासारखं होतं. फ्लँज, म्हणजे स्टोमाभोवती चिकटवायची चकती जिच्यावर पिशवी बसते, ती घट्ट बसली तरच कातडी वाचते. इंदूरच्या दवा बाजारातून आणायचे, दर महिन्याला खर्च झेपेना. तेवढ्यात फोनवर एक जण भेटला. 'दीदी, वही इम्पोर्टेड माल, आधे दाम में.' 10 फ्लँज, 20 पिशव्या, 7,000 रुपये, आगाऊ, यूपीआयने.

पार्सल आलं. खोका नाही, लॉट नंबर नाही. मुदतीच्या तारखेवर पांढरं लेबल, त्याचा कोपरा सुटलेला. नखाने ओढला असता तर खालची जुनी तारीख दिसली असती. मी तो कोपरा अंगठ्याने परत दाबून बसवला! आई आतून हाक मारत होती, पिशवी गळत होती, घरातली शेवटची फ्लँज संपली होती. अशा वेळी कोण लेबलं खरवडतं?

तीन-चार दिवस टिकणारी फ्लँज पाच तासांत सुटली. विकणारा म्हणाला, तुमचं फ्लँजचं भोक कापणं चुकतंय. पटलं, कारण ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आक्रसतो, माप बदलतं. पुन्हा मोजलं, 2 मिलीमीटर जागा सोडून कापलं. तरी सुटली. मग त्याने 850 रुपयांचं क्रीम गळ्यात मारलं. तेलकट! तेलकट कातडीवर फ्लँज चिकटेल कशी? तिसऱ्या दिवशी कातडी सोलवटून पाझरायला लागली. मी कोमट पाणी सोडलं की आई चादर मुठीत आवळायची.

आणि तक्रार? सायबर फसवणुकीच्या 1930 वर अर्धा तास गेला, तक्रारीचा नंबर मिळाला, पुढे काही नाही. पोलीस ठाण्यात म्हणाले, सामान तर मिळालंय ना, मग ग्राहक मंचात जा. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर पहिला प्रश्न, पक्कं बिल आहे का? ठाण्यातल्या मधल्या टेबलावर एकाने विचारलं, 'ये थैली होती किस काम की है?' आईच्या पोटाचे फोटो मी त्या अनोळखी माणसांना दाखवले, हे मनातून जात नाही.

सीलबंद खोका नसेल तर पैसे देऊ नका. लेबलावर लेबल दिसलं की ओढा. कातडी ओली असेल तर स्टोमा पावडर टाका, जास्तीची झटका, मगच फ्लँज. डेटॉल नको, तेल नको. आग होत असेल तर चौथ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच काढून बघा आणि स्टोमा नर्सला दाखवा, विकणाऱ्याला विचारू नका.

दुकानातून आणलेली फ्लँज काल, चौथ्या दिवशी काढली. खालच्या कडेला अजून रुपयाएवढा लाल डाग आहे.