फळमाशी सापळा: मानकुरादखाली पास, ओट्यावर नापास

म्हापशाच्या बाजारातून फळमाशीचे दोन पिवळे सापळे आणले. आत मिथाइल युजेनॉल या वासाच्या रसायनात भिजवलेला लाकडी तुकडा. एक परसातल्या मानकुराद आंब्याखाली टांगला, आठवड्यात तळ भरला. सगळे नरच, या वासाला तेच भुलतात. दुसरा हौसेनं ओट्यावर, केळ्यांशेजारी. एक चिलट फिरकेल तर शपथ! चिलट म्हणजे ड्रॉसोफिला, आंब्यावरच्या फळमाशीहून वेगळी; तिला आंबल्याचा वास लागतो. दुकानदारानं मात्र "सगळ्यांक चलता, बाय" म्हणत गळ्यात मारला. शेवटी वाटीत माडाचं व्हिनेगर, वर साबणाचा थेंब. चिलटं पहाटे नि तिन्हीसांजेला जास्त हिंडतात (त्यांच्या शरीरातल्या या घड्याळाच्या जनुकांवरच्या कामाला २०१७चं नोबेल मिळालं), म्हणून वाटी दिवेलागणीच्या आधी मांडते. काल अकरा बुडाली. सापळ्याला तीन तारे, तेही मानकुरादमुळे.