हिरडी पातळ असेल तर तारा की अलाइनर?

दातांवर चिकटवलेल्या तारा आणि टप्प्याटप्प्याने बदलायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे, म्हणजे अलाइनर, या दोन्ही पर्यायांनी दात सरळ होतात, हे आता गुहागरसारख्या गावातल्या पालकांनाही ठाऊक आहे. त्यामुळे दिसण्याचा आणि खर्चाचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. काळजी असते ती खालच्या पुढच्या दातांची. तिथले हाड आणि हिरडी मुळातच पातळ असतात, आणि दाटी मोडताना ते दात ओठाच्या दिशेने फार ढकलले गेले, तर मुळावरची हिरडी खाली सरकून दात लांब दिसू लागतो. ढकलण्याचे हे काम तार करते तसेच अलाइनरही करतो. म्हणून दात कोणत्या दिशेला आणि किती सरकणार, हे ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, आधी विचारावे. जागा करण्यासाठी दात काढायचा की दातांच्या कडा किंचित घासायच्या, हेही तेव्हाच निघते. तोंडातल्या टाळूच्या मांसाचा तुकडा लावून हिरडी आधीच जाड करावी का, हे मात्र हिरड्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचे; आमच्या मुलीच्या बाबतीत त्यांनी तूर्त लक्ष ठेवा, एवढेच सांगितले.

आमच्या घरात मुलीला तारा आहेत आणि पुतण्याला अलाइनर. स्वच्छतेत अलाइनर सरस, हे मान्य करायलाच हवे. रायवळ आंब्याचे धागे तारांत असे अडकतात की चूळ भरून निघत नाहीत. ब्रॅकेट (तार धरणारा, दातावर चिकटवलेला तुकडा) आणि हिरडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत अन्न राहिले की हिरडी सुजते, ब्रश लागताच रक्त येते, आणि सुजत राहिलेली पातळ हिरडी टिकाव धरत नाही. चिडून जोराने घासणे तर आणखी वाईट.

तरीही अलाइनरबाबत माझे मन कलुषित झाले ते एका कटकटीने: तो काढता येतो. दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवा, खाताना काढायचा आणि दात घासूनच परत घालायचा, हे ऐकायला सोपे आहे. पण शाळेची मधली सुट्टी, क्लास, कुणाच्या पडवीत फोडलेला फणस, आणि आल्यागेल्याला मिळणारे कोकम सरबत, जे अलाइनर घालून पिणे दातांना घातकच. या सगळ्यांत पुतण्याच्या तोंडापेक्षा त्याच्या खिशातच अलाइनर जास्त राहिला. गणपतीत तर कागदात गुंडाळलेला एक उष्ट्या पानांबरोबर थेट केळीच्या बुंध्याशी गेला. मग पुढचा बसेना. प्लॅस्टिक आणि दाताची कड यांच्यात फट दिसायची आणि तो अंगठ्याने दाबत बसायचा. पुन्हा स्कॅन, पुन्हा नवा संच, उपचार लांबत गेले. पातळ हिरडीच्या मुलाचे उपचार असे रेंगाळणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

शिवाय अलाइनरचे अनेक संच एकदम हातात मिळतात, तर तारांसाठी दर महिन्याला मार्गताम्हान्यावरून चिपळूण गाठावे लागते. एसटीत दिवस जातो खरा, पण डॉक्टर प्रत्येक वेळी खालचा ओठ खेचून हिरडीची कड पाहतात.

मूल स्वतःहून शिस्तीचे असेल, तर अलाइनरला माझी हरकत नाही. आमच्यासारखे घर असेल, तर तारा, मऊ ब्रश, फटींसाठी इंटरडेंटल ब्रश आणि उपचारांपूर्वी खालच्या दातांचा हिरडीसकट काढून घेतलेला एक जवळचा फोटो, एवढे पाहावे. पुढे हिरडी सरकली की नाही, हे त्या फोटोशी ताडून घरीही बघता येते.