घरभेटींचा उपक्रम: कोल्हापुरात आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मुलाला घरातल्यांकडून मार बसल्यावर धावण्यापेक्षा घर आधीच सावरावं, म्हणून कोल्हापूर शहर आणि इचलकरंजीतल्या काही वस्त्यांत आठ महिने घरभेटी चालवल्या. पद्धत घेण्याजोगी आहे, पण वेळापत्रक आहे तसं उचलू नका.

सगळ्यात मोठी फट बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांत आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईंच्या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या असतात. पुढची थेट तिसऱ्या महिन्यात. बाळाचं रडणं मात्र साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात शिगेला पोचतं, आणि वैतागून त्याला गदागदा हलवलं जायचा धोका त्या सुमारास वाढतो. त्या मधल्या काळात आठवड्याला एक जादा भेट ठेवा. भेटीत एकच गोष्ट पक्की करा: दूध झालं, लंगोट बदलला, ताप नाही, तरी रडणं थांबेना आणि आपला तोल जायला लागला, तर बाळाला उशी-गोधडी नसलेल्या सपाट अंथरुणावर उताणं निजवायचं, पाच मिनिटं उंबऱ्याबाहेर थांबायचं, मग परत बघायचं. हे बापाला आणि आजीलाही सांगा. एकट्या आईला सांगितलं तर "पोर टाकून बाहेर बसली" असा बोल तिलाच लागतो.

यंत्रमागावर बारा तासांची पाळी असते. सकाळी अकराला दार वाजवलं तर रात्रपाळीचा माणूस झोपेतून उठतो आणि ऐकून काहीच घेत नाही. पाळीला निघायच्या आधी जा, पाऊण तासात उठा.

नुसत्या उपदेशापेक्षा कागदपत्रांची मदत जास्त कामाला येते. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना 2,250 रुपये, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात (मुलाला घरीच वाढवायला मिळणारी मदत) 4,000. प्रायोजकत्वाला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000, इतरत्र 96,000. अर्ज बहुतेकदा नावापायी अडतो: आधारवर एक, बोनाफाईडवर दुसरं, पासबुकावर तिसरंच. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडा. खातं आधारशी जोडलंय का, तेही तेव्हाच बघा.

"घरातलं बाहेर जाणार नाही" असं वचन मात्र कधीच देऊ नका. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा, नाहीतर पुढे अख्खी गल्ली दारं लावून घेते. मूल आत्ता धोक्यात असेल तर 1098 या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करा.

एका ताईकडे पंधराच्या वर घरं दिली की भेटीचा नुसता फॉर्म भरला जातो.

आणि मर्यादाही ओळखा. अमेरिकेतल्या एल्मायरा गावात गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत परिचारिका घरी जात. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात मुलांचा छळ आणि हेळसांड घटलेली दिसली, पण घरात नवरा-बायकोत सतत मारहाण होती तिथे हा फायदा टिकला नाही. अशा घरात आधी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांना गाठा. मारहाणीबद्दल नवऱ्यासमोर विचारू नका. बाळाचं वजन करायला ती अंगणवाडीत एकटी येते, तिथे विचारा.