तीन महिन्यांचे धान्य, तीन दिवसांचे पाणी : एका ‘गृहसज्जता’ सेवेचा अनुभव

गेल्या फेब्रुवारीत आम्ही पुण्यातील एका खासगी कंपनीची ‘गृहसज्जता’ सेवा घेतली. देशाची आर्थिक घडी कोलमडली, बँकांतून पैसे मिळेनासे झाले, दंगल किंवा संचारबंदीमुळे बाजारपेठ बंद राहिली, तरी चार माणसांच्या घराला तीन महिने स्वतःच्या बळावर निभावता यावे, अशी तयारी करून देण्याचे या सेवेचे आश्वासन होते. घराची पाहणी, धान्य आणि सामान, कागदपत्रे व पैशांची मांडणी, शिवाय सहा महिन्यांनी एक फेरभेट, या सगळ्याचे ४२,००० रुपये आम्ही दोन हप्त्यांत भरले. कंपनीचे नाव येथे देत नाही. अशी सेवा कोणाकडूनही घेताना काय तपासावे, एवढेच सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

अशी तयारी अनेकांना अतिरेकी वाटते, याची मला कल्पना आहे. मला ती तशी वाटत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा घरात पैसे असूनही दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडून हात हलवत परत यावे लागले होते. आपल्या पुण्याच्याच रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधल्या नऊ वर्षांत किती निवृत्त माणसांची स्वतःच्याच पैशांसाठी फरफट झाली, हे पेठांमधून सर्वांना ठाऊक आहे. त्याच २०२२ मध्ये श्रीलंकेचे परकीय चलन संपले, गॅस आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या, मार्चअखेरीस वीज दिवसाला तेरा-तेरा तास जाऊ लागली आणि जुलैत संतापलेले लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. आमच्या घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत, यजमान इन्सुलिनवर आहेत, मुलगा अजून शिकतो आहे. अशा घराने अडीनडीची बेगमी करून ठेवणे हे माझ्या मते कर्तव्यच आहे.

पाहणीसाठी आलेल्या प्रतिनिधीचे काम चांगले झाले, हे आधी नोंदवते. स्वयंपाकाचा गॅस पाइपने येतो, म्हणजे घरात सिलिंडरचा साठा शून्य आहे. सोसायटीची बोअरवेल आहे, पण तिचा पंप विजेवर चालतो. लिफ्ट बंद पडली तर सासूबाईंना तिसऱ्या मजल्यावरून कसे उतरवणार, हे प्रश्न आम्हाला इतक्या वर्षांत कधी सुचले नव्हते. पैशांची मांडणीही विचारपूर्वक करून दिली. एका बँकेच्या सर्व शाखांमधील आपल्या ठेवी मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, विम्याचे संरक्षण फक्त पाच लाख रुपयांपर्यंत असते, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले आणि आमच्या दोन मोठ्या ठेवी चार बँकांत विभागायला लावल्या. एक चूक मात्र राहिली. दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रोकड घरात ठेवावी, असे सांगताना ती ५०० च्या नोटांमध्ये ठेवण्याचा सल्ला त्यांनी दिला. २०१६ मध्ये चालत राहिल्या त्या १०० आणि त्याखालच्या नोटा, आणि नेटवर्क बंद पडून मोबाइलवरून पैसे देता येईनासे झाले, तर दुधाच्या पिशवीसाठी ५०० चे सुटे कोणाकडेच नसतील. आम्ही सगळी रक्कम दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटांत करून ठेवली.

सामान मार्चमध्ये आले. पत्र्याच्या दोन कोठ्यांत लोकवन गहू आणि ज्वारी, बाकीचे तांदूळ, तूरडाळ, मूग, शेंगदाणे, तेल, मीठ आणि गूळ. माणशी दिवसाला साधारण ३५० ग्रॅम धान्य धरले, तर चार माणसांना नव्वद दिवसांसाठी सव्वाशे किलोच्या आसपास धान्य लागते. तेवढे ते होते आणि प्रतही उत्तम होती. परंतु गव्हाच्या कोठीत हात घातल्यावर कापडाच्या पुरचुंड्या लागल्या. सोडून पाहिल्या, तर कीड लागू नये म्हणून घातलेल्या पाऱ्याच्या गोळ्या होत्या. या गोळ्या अजूनही बाजारात मिळतात आणि कित्येक घरांत निर्धास्तपणे वापरल्या जातात, हे मी जाणते. तरीही पारा हे विष आहे, उकाड्यात त्याची वाफ होते, एखादी गोळी फुटून गव्हात मिसळली तर चाळूनही ती वेगळी करता येत नाही. तीन महिने केवळ त्याच धान्यावर जगायचे आहे, अशा घराला हे देणे अक्षम्य आहे. दोन तक्रारी केल्यानंतर, तीन आठवड्यांनी, कंपनीने तो सगळा गहू आणि गोळ्या परत नेल्या. बदली आलेल्या गव्हाला आम्ही एप्रिलमध्ये गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दिले, पूर्ण थंड झाल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरला आणि झाकणाची फट चिकटपट्टीने बंद केली. तूरडाळीला सासूबाईंनी एरंडेलाचा हात लावून ठेवला. हे लिहीत असेपर्यंत कशालाही कीड नाही. शेंगदाणे तेवढे जूनमध्ये खवट झाले. तीन महिन्यांच्या साठ्यात ते इतके देऊच नयेत. त्याऐवजी नाचणी द्यायला हवी होती, कारण ती वर्षानुवर्षे टिकते आणि तिला कीड सहसा शिवत नाही.

कागदावरची तयारी किती खरी आहे हे पाहण्यासाठी मे महिन्यात आम्ही सात दिवस मेन स्विच बंद ठेवला, नळ आणि गॅसचा कॉक बंद केला आणि कंपनीने दिलेल्या सामानावर राहिलो. यजमानांच्या इन्सुलिनचा राखीव साठा तेवढा शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवला होता.

पहिल्याच सकाळी दळणाचा प्रश्न उभा राहिला. वीज नाही म्हणजे गिरणी नाही, आणि गिरणी नाही म्हणजे पन्नास किलो गहू घरात असून पोळी नाही. कंपनीने टेबलाला आवळून बसवायचे बिडाचे हातयंत्र दिले होते. मुलाने दोनदा फिरवून अर्धा किलो पीठ काढले, त्याला पाऊण तास लागला आणि तरीही पीठ रव्यासारखे राहिले. सासूबाई जवळ बसून पाहत होत्या. ‘अगं, जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, म्हणून ते ओढलं जायचं. हे एकट्याच्या खांद्यावर किती दिवस चालणार?’ त्यांनीच मग ज्वारी एकदाच भरडायला लावली आणि ताकातल्या कण्या केल्या. त्या दिवसापासून आमचा बेत पालटला. सकाळी गव्हाच्या भरड्याची लापशी, दुपारी कण्या, रात्री मुगाची खिचडी. त्यामुळे हातयंत्राला मी निरुपयोगी म्हणणार नाही; भरड्यासाठी ते उत्तम आहे. मात्र सगळे धान्य अख्खे देणाऱ्याने स्वतः एकदा आठवडाभर दळून पाहायला हवे होते. त्यात दलिया, पोहे, रवा आणि जास्तीचा तांदूळ असता, तर खांदे दुखले नसते.

इंधनाची स्थिती याहून बिकट निघाली. लहान शेगडी आणि बारा गॅसचे डबे मिळाले होते, त्यांपैकी सहा दिवसांत सात संपले. सव्वादोन-अडीचशे ग्रॅमचे असे बारा डबे म्हणजे जेमतेम पावणेतीन किलो गॅस; आपल्या नेहमीच्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. भाताला एक कढ आला की पातेले उतरवून जाड गोधडीत गच्च गुंडाळून ठेवायचे, ही युक्तीही सासूबाईंचीच. पाऊण तासाने गोधडी सोडली, तेव्हा भात मोकळा शिजलेला होता आणि पातेल्याला हात लावता येत नव्हता. तीन महिन्यांसाठी किमान दोन पाच किलोचे सिलिंडर आणि एक सौर चूल, एवढे तरी लागतेच.

आणि पाणी. कंपनीने २०० लिटरचा एक ड्रम आणि क्लोरीनच्या गोळ्या दिल्या. पिणे, स्वयंपाक आणि अंगाची जेमतेम स्वच्छता धरून माणशी दिवसाला १५ लिटर हे आपत्तीच्या काळातील सर्वसाधारण किमान प्रमाण मानले जाते, म्हणजे आमच्या घराला दिवसाला ६० लिटर. नव्वद दिवसांच्या धान्याच्या जोडीला सव्वातीन दिवसांचे पाणी! चौथ्या दिवशी दुपारी ड्रम तिरपा करावा लागला आणि पुढे आम्ही खालच्या टाकीतून बादलीने पाणी काढून तीन जिने चढवले. घरचे शुद्धीकरण यंत्र विजेविना बंदच होते. आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. २०२५ च्या जानेवारीत याच पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड आणि धायरीच्या बाजूला, गुलेन बारी सिंड्रोमचे, म्हणजे मज्जातंतूंवर परिणाम करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, रुग्ण वाढले होते आणि संशयाची सुई पाण्यावर होती. तेव्हापासून आमच्याकडे कोणीही नुसते गाळलेले पाणी पीत नाही. गढूळ पाणी आधी चारपदरी कापडातून गाळावे, मगच क्लोरीनची गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावे, ही साधी सूचना कंपनीच्या पुस्तिकेत नाही.

औषधांसाठी पुस्तिकेत एकच ओळ आहे : ‘आवश्यक औषधांचा साठा ठेवावा.’ इन्सुलिनचे काय, यावर अक्षर नाही. आम्ही मोठ्या कुंडीत ओली वाळू भरून तीत लहान मडके बसवले, कुपी कोरड्या डब्यात घालून मडक्यात ठेवली आणि वर ओले फडके टाकले. पुण्याच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत आतला गारवा हाताला स्पष्ट जाणवत होता. वापरात असलेली कुपी फ्रिजबाहेर साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत चार आठवडे चालते. राखीव साठ्याला मात्र फ्रिजच लागतो, आणि तो कोणाकडे चालू राहील हे आधी ठरवून ठेवावे लागते.

येथेच या सेवेशी माझा सर्वांत मोठा मतभेद आहे. सामानात मिरीचा फवारा, लोखंडी दांडा आणि दाराला लावायचा आडणा होता, आणि पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिले होते की, तयारीची वाच्यता शेजारीपाजारी करू नये. आडणा चांगला आहे, तो आम्ही बसवला. दंगलीच्या वेळी बाहेर न पडणे, खिडक्यांपासून दूर राहणे, ११२ क्रमांक सासूबाईंच्या फोनवर एका बटणावर ठेवणे, हेही योग्यच. पण शेजाऱ्यापासून लपवायचे, हे मला मान्य नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा सासूबाई चौदा वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत राहत होत्या. खडकवासल्याचे धरणही गेले आणि नळ कोरडे पडले. वरच्या अंगाच्या एका वाड्यातील आडावरून त्यांनी कळशीने पाणी आणले आणि त्या वाड्यातल्या लोकांनी अनोळखी माणसांनाही आडाचा रहाट वापरू दिला, हे त्या आजही सांगतात. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या सोसायटीला भाजी मिळाली, तीही चाळीस घरांनी मिळून एका शेतकऱ्याशी बोलणी केली म्हणूनच. पाण्याचा पंप, इन्सुलिनसाठी फ्रिज, जिन्यावरून खुर्चीत बसवून न्यायला चार खांदे, यांपैकी एकही गोष्ट एका बंद दाराआड होत नाही.

हे सगळे सामान मार्केट यार्डातील भुसार बाजार, बोहरी आळी आणि तुळशीबाग येथून स्वतः आणले असते, तर माझ्या हिशेबाने २६,००० रुपयांत झाले असते. उरलेल्या रकमेत पाहणी आणि पैशांची मांडणी मिळाली, तिचे मोल मी नाकारत नाही. केवळ तेवढीच सेवा वेगळी मिळत असेल, तर ज्यांना सवड नाही त्यांनी ती जरूर घ्यावी. धान्य मात्र स्वतः निवडून, हंगामात, टप्प्याटप्प्याने घ्यावे आणि रोजच्या वापरात खालीवर करत राहावे.

ऑगस्टमध्ये फेरभेटीला आलेल्या प्रतिनिधीने आमच्या सात दिवसांची वही शांतपणे वाचून घेतली, पाण्याच्या आणि दळणाच्या पानांचे फोटो काढले आणि पाऱ्याच्या गोळ्या आता कोणालाच देत नाही, असे सांगितले. वार्षिक नूतनीकरण आम्ही केले नाही. त्या पैशांत आमच्या जिन्यातील सहा घरांनी वर्गणी घालून बोअरवेलवर हातपंप बसवता येईल का, याची चौकशी सुरू केली आहे.